दगडावरची काकवी

माझ्या प्रबंधाचा विषय ध्रुवाजवळचा बर्फ आहे आणि त्यातलं निम्मं काम तापीकाठच्या एका गुऱ्हाळामागे झालं, हे मी पुण्यात सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक हसतात आणि पुढचं ऐकायला थांबत नाहीत. पुढचंच तर मला सांगायचं असतं.

ध्रुवाच्या बाजूला बर्फ साचून साचून त्याचा एवढा जाड थर होतो की तो आपल्याच वजनाने कडेकडे सरकू लागतो. डोळ्याला दिसत नाही इतका हळू, पण सरकतो. तो मध्ये किती उंच राहील, कडेला कसा उतरेल आणि किती वेगाने पसरेल, याचं गणित मांडायचं हे माझं काम. माझे मार्गदर्शक सर परदेशात शिकून आले होते आणि हा विषय त्यांनीच बरोबर आणला होता. विभागात हाताने फिरवायचं एक गणनयंत्र होतं. त्याचा खडखडाट करत आम्ही आकडे काढत असू. पण आकडे बरोबर आहेत हे ताडून कशाशी पाहायचं? बर्फाचा तो थर आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. सर एकदा म्हणाले की एखादा घट्ट, सावकाश वाहणारा पदार्थ सपाट दगडावर ओतला तर तो बर्फासारखाच वागेल, फक्त वर्षांचं काम तासांत करेल. तेल चालेल का, डांबर चालेल का, अशी चर्चा झाली. मी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले, "सर, आमच्याकडे गुऱ्हाळ आहे."

हे अर्धंच कारण होतं. प्रयोगशाळेत सगळे पुरुष होते आणि त्यांच्या देखत गुडघे टेकून दगडावर वाकायची कल्पना मला सोसवत नव्हती. शिवाय घरून बोलावणं येत होतं.

आमचं गाव शहाद्याहून बैलगाडीने जाण्याच्या अंतरावर. आम्ही गुजर, कापूस आणि ऊस करणारे. बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या, कुणा स्नेह्याने सांगितलं म्हणून मला लहानपणी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत घातलं. मी सुट्टीला घरी येई तेव्हा मायशी काय बोलावं ते मला सुचत नसे आणि माझ्याशी काय बोलावं ते तिला. माझ्या पाठची बहीण शाळेच्या वयाची झाली तेव्हा माय म्हणाली, एक लेक दिली तेवढी पुरे, दुसरी देणार नाही. म्हणून धाकटी गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि मग घरी राहिली. तिला याबद्दल काही वाटत असेल तर तिने कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या इंग्रजी पुस्तकांवरची धूळ मात्र तीच पुसायची, आणि पुसताना एखादं उघडून चित्रं पाहायची.

पासष्टच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात मी घरी आले तेव्हा तिचं लग्न जवळजवळ ठरल्यासारखं होतं. म्हसावदचं घर, केळीची बाग, मुलगा बापाच्या हाताखाली शेती बघणारा. मुलाची आई आमच्या मायच्या माहेरच्या नात्यातली. त्यांना मुलगी पसंत होती, आमच्या घराला मुलगा पसंत होता आणि धाकटीलाही होता. हे मला तिच्या वेणीवरून कळलं. म्हसावदहून कुणी यायचं असलं की ती वेणी दोनदा घालायची. अडलं होतं ते माझ्यापाशी. थोरली घरात असताना धाकटी उजवायची नाही, आणि थोरलीचं पुस्तक, म्हणजे प्रबंध, संपल्याशिवाय थोरलीला विचारायचं नाही असं बापूंनीच मला शब्द देऊन ठरवलेलं.

"तुन्हं पुस्तक कव्हय सरी?" बापूंनी पहिल्याच दिवशी विचारलं. अंगणात खाट टाकून ते सुपारी कातरत होते.

"होळीपर्यंत मोजमापं होतील. मग पुण्याला जाऊन लिहायचं."

"म्हंजे आखाजीले त्या लोकेसले हो म्हनता यी?"

मी हो म्हणाले. म्हसावदच्यांनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबायचं कबूल केलं होतं. त्यापुढे नाही.

माय चुलीपाशी होती. तिने विचारलं, "दगडवर कसानं मोजमाप करस तू?"

"बर्फ कसा वाहतो ते बघायचं, काकवी ओतून."

"बरफ इतळस वं माय, वाहस कोठे?"

धाकटी खाली मान घालून हसली. मीही हसले. घरात आम्ही तिघी एकदम हसल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून ते लक्षात आहे.

गुऱ्हाळामागे एक खोली होती. पूर्वी तिच्यात ढेपा ठेवत. तिथे शहाबादी फरशी चार विटांच्या खांबांवर बसवली, गवंड्याची पाणसळ लावून अगदी समतल केली आणि तिच्यावर पेन्सिलीने एकात एक वर्तुळं काढली. मुंग्या चढू नयेत म्हणून खांबांखाली पाण्याची परळं ठेवली. तुपाच्या डब्याचं वरचं आणि खालचं झाकण कापून एक पत्र्याचं कडं केलं. कडं फरशीच्या मधोमध ठेवायचं, त्यात काकवी भरायची, ती शांत झाली की कडं सरळ वर उचलायचं. मग काकवीचा तो लहानसा डोंगर आपल्या वजनाने बसू लागतो आणि चहूकडे पसरतो. त्याची कड कुठल्या वर्तुळाला पोचली ते घड्याळ पाहून लिहायचं आणि मधूनमधून विणायची सुई उभी बुडवून उंची घ्यायची.

पहिल्यांदा कडं उचललं तेव्हा आम्ही दोघीच होतो. काकवी क्षणभर तशीच उभी राहिली, जणू तिला कडं काढलेलं कळलंच नव्हतं. मग तिच्या कडा फुगल्या आणि ती निघाली. वरचा भाग जवळजवळ सपाट, कडेला एकदम उतार. पुण्याला कागदावर मी हीच रेघ काढली होती. ती तपकिरी रंगात, गोड वासासकट समोर बसलेली पाहून मला काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. धाकटी म्हणाली, "बेन, तू रडी ऱ्हायनी का?" मी म्हणाले, धूर आहे चुलवाणाचा.

काकवी आणायचं काम तिचं. खरं तर ते माझं होतं. कढईभोवती उघड्या अंगाची माणसं, चिपाडं लोटणारे, मळी काढणारे, मध्ये लांब झारा घेऊन उभा असलेला गुळव्या. त्यांच्यात जाऊन उभं राहणं मला जमेना. पहिल्या दिवशी गेले. गुळव्याने बोटांच्या चिमटीत काकवी ओढून तिची तार दाखवली, मी म्हणाले, अशीच रोज द्या, रोज अगदी अशीच, आणि परत फिरले. त्यानंतर डबा घेऊन धाकटी जाई. रात्रभर डबा खोलीत ठेवायचा, म्हणजे काकवी थंड होऊन खोलीच्या उष्णतेला येई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओतायची. पहिल्या आठवड्यात घट्टपणा ताडायला मी प्रत्येक डब्यातल्या काकवीत सायकलचा छर्रा सोडून तो तळाला जायला किती वेळ लागतो ते पाहिलं. काकवी सारखीच होती. मग छर्रा चिकट काकवीतून शोधून काढायचा, धुवायचा, याचा कंटाळा आला आणि मी ते सोडून दिलं. सारखीच देतात, रोज रोज काय बघायचं.

वापरलेली काकवी फेकायची नाही. अन्न फेकणं आमच्या घरात पापच. फरशीवरून ती खरवडून धाकटी म्हशींच्या आंबोणात कालवायची. मग गरम पाण्याने फरशी पुसायची, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायची, आणि माझी वर्तुळं पुसली गेली असतील तर सांगायची. घड्याळ धरून वेळ पुकारायचं कामही तिने घेतलं. मुंग्या हेरण्यात तर ती पटाईत होती. एखादी मुंगी परळ चुकवून वर चढलीच तर मला दिसायच्या आधी तिला दिसे.

गुऱ्हाळावरून जाताना बायका हसायच्या. मी जवळ आले की गप्प व्हायच्या, पुढे गेले की पुन्हा हसायच्या. मी मान खाली घालून जात असे. माझ्या चष्म्याला, नाहीतर चालण्याला हसत असतील असं मला वाटायचं. थांबून विचारलं असतं तर सगळंच पुढे वेगळं झालं असतं. पण थांबून विचारणारी मी नव्हते.

संक्रांत झाली. दिवस हळूहळू तापू लागले. खोलीतली उष्णता सारखी राहावी म्हणून मी अधिकाधिक लवकर उठू लागले. थर्मामीटर बरोबर तोच आकडा दाखवेल ती वेळ साधायची. आणि तरीही काकवी दर आठवड्याला थोडी हळू पसरत होती. आकार तोच, वेग कमी. मी फरशी तपासली, कडं तपासलं, घड्याळ शहाद्याच्या घड्याळजीकडे पाठवलं. सगळं ठीक होतं. मग मला एक कारण सुचलं. एकाच दगडावर रोज काकवी बसते, तिच्यातले साखरेचे बारीक कण दगडाला धरून राहतात, त्यांच्यामुळे नवी काकवी तळाशी अडकते. ध्रुवाच्या बर्फातही कण असतात, ते बदलतात, त्याने बर्फ ताठ होतो असं सर म्हणत. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मी सरांना सविस्तर कळवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं, हे मिळालं असेल तर तुमचा प्रबंध उभा राहिला असं समजा. पोस्टमनने ते वाचूनच आणलं होतं. त्याने बापूंना सांगितलं, तुमच्या पोरीचं काहीतरी उभं राहिलं. बापूंनी त्याला गुळाचा खडा दिला.

त्या आठवड्यात माय म्हसावदला जाऊन आली. आली ती पिशवीभर केळी घेऊन आणि हसत.

शेवटची कढई उतरली तो दिवस. आमच्याकडे त्या दिवशी चुलवाणाला नारळ फोडतात आणि कामावरच्या सगळ्यांना ताजा गूळ नि शेंगदाणे वाटतात. घरच्या लेकींनी वाटायचे असतात, म्हणून त्या दिवशी मला चुकवता आलं नाही. मी परात धरली, धाकटी वाटत होती. गुळव्याने दोन्ही हात पुढे केले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, पुनाना साहेबले काकवी आवडनी का?"

मला कळेना. धाकटीचा हात परातीवर थांबला.

"कुठल्या साहेबांना?"

"तुमना मास्तर. रोज डबा जाये ना तेसले." तो खूश होता. "ऊन वाढी ऱ्हायनं, वाटमा आंबी जाई म्हनीसन मी दर आठवडाले जास्तीनी घट्ट करी. आंबी का एखादा डबा?"

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही आंबला."

"मी म्हनेच. वानोळा शे, आपलं नाव खराब नको व्हवाले."

मागून एक बाई म्हणाली, "रोज डबाभर काकवी खाई जास तो मास्तर, त्याले काही व्हत नही का वं?" आणि सगळ्या हसल्या. हिवाळाभर त्या कशाला हसत होत्या ते मला तेव्हा कळलं. मीही त्यांच्याबरोबर हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. परात जड झाली होती. शेंगदाणे संपेपर्यंत मी ती धरून उभी राहिले.

खोलीत आल्यावर धाकटीने दार लोटून घेतलं.

"मी सांगं त्याले," ती म्हणाली. "पुनाले जास म्हनीसन."

"का?"

"मंग काय सांगू? मोठी पोर दगडवर काकवी वतस नि देखत बठस, आशे सांगू? लोके काय म्हनतीन? तुले कोन मांगनार शे मंग?" मग म्हणाली, "माले वाटनं, वानोळा म्हनं की चांगलीच दी."

घरची भेट म्हणून चांगलीच दिली होती. दर आठवड्याला आधीपेक्षा चांगली. माझ्या दगडावर साखरेचे कण अडकले नव्हते की बर्फासारखं काही ताठ झालं नव्हतं. एका माणसाने न पाहिलेल्या साहेबाची काळजी घेतली होती आणि मी ती काळजी मोजून पुण्याला कळवली होती. रागवावं कुणावर? तिने माझी अब्रू झाकली होती. त्याने आमच्या घराचं नाव राखलं होतं. चार पावलं चालून कढईपाशी जायला हवं होतं ते मी. छर्रा सोडायला हवा होता तोही मी.

मी तिला समजावून सांगितलं. तिला लगेच समजलं. हातातलं ओलं फडकं ती पिळत राहिली, पाणी गळायचं थांबलं तरी पिळत राहिली.

"मंग आते?"

"पुन्हा करायला लागेल. वेगाचं सगळंच."

"गुऱ्हाळ तं बंद व्हयनं."

"पुढच्या हंगामात."

पुढचा हंगाम म्हणजे आखाजी गेली, म्हसावद गेलं. हे मला कळायच्या आधी तिच्या तोंडावर दिसलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "बेन, कोनले कळी? ध्रुववर जाईसन कोन देखनार शे? मी नही सांगत कोनले."

ती मला खोटं करायला सांगत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती बहुधा एकच गोष्ट. आणि ती मागताना तिने लग्नाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "मला कळेल ना."

हे वाक्य मला शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेलं. पाचगणीत ते फार स्वच्छ वाटायचं. त्या खोलीत, काकवीच्या वासात, मला त्याची लाज वाटली. माझी स्वच्छता आणि किंमत भरायची तिने.

"बरं," ती म्हणाली, आणि फरशी पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती खोली झाडून, परळांतलं पाणी बदलून बसली होती. प्रयोग संपला होता. तिला सवय झाली असावी.

घरात सांगायला मी दोन-तीन दिवस घेतले. बापू जेवून उठले होते. मी म्हणाले की माझ्या मोजमापात चूक झाली आहे आणि अजून एक हंगाम लागेल. कुणामुळे, कशी, हे सांगितलं नाही. धाकटी दाराआड उभी होती. बापूंनी विचारलं, "साहेब तं खूश व्हतात ना?" मी म्हणाले, त्यांना मी चुकीचं कळवलं होतं, आता खरं कळवते. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली, तोंडात मात्र टाकली नाही.

त्यानंतर घरात माझ्याशिवाय बोलणी झाली. दोन दिवस भांडी जरा जोरात वाजत होती. मायचा भाऊ येऊन गेला. म्हसावदला निरोप गेला आणि तिकडून निरोप आला. मग एका दुपारी माय माझ्या खोलीत आली. ती माझ्या खोलीत सहसा येत नसे, टेबलावरच्या कागदांना धक्का लागेल म्हणून दारातूनच बोलायची. आज ती आत येऊन पलंगाच्या काठावर बसली. मांडीवर एक नवी साडी होती, मोरपिशी रंगाची.

"तुन्हावर अन्याव व्हई ऱ्हायना, माले समजस," ती म्हणाली. "पन धाकलीले आते थांबाडता येत नही. त्या लोके तयार शेतस. पहिले तिनं करी टाकतस. ही साडी तुन्ही. तिन्हा बस्ता फाडाना पहिले तुन्ही काढी मी. मान तुन्हाच शे." आणि ती पदर तोंडाला लावून रडू लागली.

थोरलीला मागे ठेवून धाकटीचं केलं की थोरलीकडे पुन्हा कुणी सहज येत नाही. हे तिला माहीत होतं, बापूंना माहीत होतं. ते दोघं माझं एक दार आपल्या हाताने लावून घेत होते आणि त्याची माफी मागायला तिला पाठवलं होतं. आणि मला काय वाटलं? मला हायसं वाटलं. म्हसावद तुटलं नाही म्हणून तर वाटलंच, पण तेवढंच नव्हतं. ते दार लागलं याचंही वाटलं. आता पुढचा हंगाम माझा होता, आणि त्याच्या पुढचाही. माय माझ्या खांद्यावर हात ठेवून रडत होती आणि मी आत मोकळी होत होते. मी साडी हातात घेतली आणि तिला म्हणाले, असू दे, माय. तिला वाटलं लेक मोठ्या मनाची आहे. तसं तिने सगळ्या नात्यात सांगितलं. अजून सांगते.

लग्न वैशाखात झालं, भर उन्हात. सरबतासाठी नंदुरबारहून बर्फाच्या लाद्या आल्या, लाकडाच्या भुशात, गोणपाटात गुंडाळून. मामा मांडवातून ओरडला, "बरफ उना! बलावा मोठीले, तिना इशय शे." सगळे हसले. मलाही तिथून निघायला निमित्त मिळालं. मागच्या पडवीत मी लाद्या उतरवून घेतल्या, भुसा झाडला. इतका बर्फ मी एकत्र कधी पाहिला नव्हता. हात लावला तर हाताला चटका बसल्यासारखं झालं. तो कुठेही वाहत नव्हता. माय म्हणाली होती तसा नुसता इतळत होता, आणि पाणी मोरीकडे चाललं होतं.

मोरपिशी साडी नेसून मी धाकटीच्या मागे उभी राहिले. पाहुण्या बायका माझ्याकडे पाहून आवाज खाली करत होत्या. निघताना धाकटी माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "पुढला साले गुळव्याले तूच खरं सांगजो."

मी सांगितलं. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मी डबा घेऊन स्वतः कढईपाशी गेले. म्हणाले, ही काकवी पुण्याला जात नाही, कधी गेलीच नाही, मी ती दगडावर ओतते आणि कशी पसरते ते बघते. गुळव्याने झारा खाली ठेवला. त्याचं तोंड उतरलं. "म्हंजे कोनी खादीच नही?" त्याने विचारलं. म्हशींनी खाल्ली, एवढं सांगायचा धीर मला झाला नाही. मग मी रोज तिथे उभी राहू लागले, तो तार दाखवी, मी छर्रा सोडी. त्याने पुन्हा वानोळ्यासारखी काकवी मला दिली नाही. मागितली तशी दिली, नेमकी तेवढीच. बायका आता माझ्या तोंडावर हसत. त्याची सवय झाली.

आकडे स्वच्छ आले. खोलीतली उष्णता सारखी असेल तर वेग सारखा राहत होता. साखरेच्या कणांची माझी सगळी गोष्ट मी खोडून टाकली. सरांनी नाराजी दाखवली नाही, फक्त पत्राला उत्तर उशिरा आलं. आदल्या वर्षीच्या मोजमापांतलं एक मात्र राहिलं. काकवी पातळ असो की घट्ट, ढिगाचा आकार सारखाच येत होता, मध्ये सपाट, कडेला उतरता. घट्टपणाने फक्त वेळ बदलत होता. हे दाखवायला घट्ट-पातळ असे वेगवेगळे डबे लागतात, आणि ते मला आयते मिळाले होते. प्रबंधात त्यावर एक लहान प्रकरण आहे. प्रास्ताविकात मी सरांचे, विभागाचे आणि घरच्यांचे आभार मानले आहेत. घरच्यांचे म्हणून सगळ्यांचे एकत्र.

त्या हंगामात धाकटी माहेरपणाला आली. ती आता पाहुणी होती, आणि दिवस गेलेले. माय तिला वाकू देईना, फडक्याला हात लावू देईना. सकाळी मी खोलीत गेले तर ती आधीच येऊन दारात पाट टाकून बसली होती, शाल पांघरून. मी कडं भरलं. मला तिला आकाराचं सांगायचं होतं, की तुझ्या डब्यांतलं काही अगदीच वाया गेलं नाही. कसं सांगावं ते जुळवत मी कडं उचललं. काकवी क्षणभर उभी राहिली आणि मग निघाली.

"सुखी आहेस ना?" मी विचारलं. मला सांगायचं होतं ते दुसरंच.

"शे ना," ती म्हणाली. "तू?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि पहिला आकडा लिहिला. मला लगेच हो म्हणता आलं असतं, ते खरंच होतं. म्हणूनच म्हणवेना.

ती पाटावरून जराशी पुढे वाकली.

"बेन," ती म्हणाली, "मुंगी."